भरतीची तयारी करताय, मग सुट्टी कधी घेता?
पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या आपल्या मुलामुलींना आम्ही हे विचारतो, तेव्हा बहुतेकांचे उत्तर येते, 'घेतच नाही.' पण १६०० मीटर असो की गोळाफेक, ताकद वाढते ती सरावानंतरच्या विश्रांतीत. जोरदार व्यायामाने स्नायूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून यायला एक-दोन दिवस लागतात. हाडांना त्याहून जास्त. नडगी दुखत असतानाही डांबरी रस्त्यावर रोज धावत राहिले, तर हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. मग सहा-आठ आठवडे घरी, आणि तोवर मैदानी चाचणी निघून गेलेली! आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी घ्या. त्या दिवशी जेवण मात्र कमी करू नका. अंडी, डाळ, शेंगदाणे चालू द्या. रात्रपाळी करून धावणाऱ्यांना झोपेचे सांगणे अवघडच. त्यांनी निदान सुट्टीच्या दुपारी झोपावे.