जुन्या कॉलमात नवा गज

कोडोलीत घरावर मजला चढवायचा ठरला की आधी गच्चीवर जाऊन कॉलमचे गज बघतात. वर सोडलेले गज वारणा खोऱ्यातल्या पावसाने गंजून बारीक झालेले असतात, किंवा सोडलेलेच नसतात. मग जुन्या काँक्रीटला भोक पाडून, केमिकल भरून नवा गज बसवायचा. साइटवर याला रिबारिंग म्हणतात.

गज ओढला गेला की ताण त्याच्या अंगावरच्या पिळांवरून केमिकलमध्ये, तिथून भोकाच्या भिंतीत आणि शेवटी शेजारच्या जुन्या गजांत उतरतो. त्यासाठी खोली लागते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या हिशोबाने एम-२५ काँक्रीटमध्ये ५०० ग्रेडचा १२ मिलिमीटर गज पूर्ण ताण घ्यायला सुमारे ५८ सेंटिमीटर रुतावा लागतो. कॉलमवरून खाली भोक घेताना एवढी खोली मिळते. पण नऊ इंची कॉलमला आडवं भोक पाडून गॅलरी बाहेर काढायची म्हटली, तर आत जागाच २३ सेंटिमीटर. अशी गॅलरी गजांवर लटकवू नये. खाली नवा कॉलम घ्यावा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

भोकात भरायचं केमिकल बऱ्याचदा इपॉक्सी असतं, आणि ते आपल्याकडे नवं नाही. १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला पडलेल्या भेगा त्यानेच भरल्या होत्या. पण कायम लटकतं वजन त्याला सोसेलच असं नाही. २००६ मध्ये बोस्टनच्या बोगद्यात छताच्या काँक्रीट फळ्या कोसळून एका महिलेचा जीव गेला. तिथलं इपॉक्सी वजनाखाली हळूहळू सरकत गेलं होतं.

भोक घेण्याआधी आतले गज कुठे आहेत ते यंत्राने शोधायचं, म्हणजे ड्रिलखाली जुना गज कापला जात नाही. १२ च्या गजाला साधारण १६ मिलिमीटरचं भोक. सर्वांत जास्त घाई होते ती पुढच्या कामात, सफाईत. भोकात पिठासारखी धूळ राहिली की केमिकल धुळीलाच चिकटतं आणि गज मोज्यातून पाय निघावा तसा बाहेर येतो. म्हणून तळापर्यंत नळी घालून हवा मारायची, तारेचा ब्रश फिरवायचा, पुन्हा हवा. केमिकलही तळापासून भरत यायचं आणि गज फिरवत आत ढकलायचा. तोंडाशी केमिकल बाहेर आलं नाही, तर आत पोकळी राहिली.

मग डब्यावर लिहिलेला वेळ संपेपर्यंत त्या गजाला रिंगासुद्धा बांधायच्या नाहीत.