दीड कोटी वर्षांची उणीव आणि पोटातले जिवाणू

छत्तीसगडमधल्या अहिवाऱ्याशेजारच्या नंदिनी खाणीतली चुनखडी भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या झोतभट्टीत जाते, लोहखनिजातलं नको ते स्वतःकडे ओढते आणि मळी होऊन बाहेर पडते. आपल्या मोठ्या आतड्यातही यूरिक ॲसिड आवरणारे असे सफाईवाले जिवाणू आहेत, आणि त्यांची करामत मला पोलादाहून थोर वाटते.

यूरिक ॲसिड बनतं प्युरिनपासून. प्युरिन मटणा-मासळीत असतं, तसंच आपल्या झिजलेल्या पेशींतही. म्हणून कडक उपास केला तरी यूरिक ॲसिड बनतच राहतं. रक्तात डेसिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते नीट विरघळत नाही. सांध्यात सुईसारखे स्फटिक साचतात, आणि मध्यरात्री पायाच्या अंगठ्याला चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. हाच गाऊट. बहुतेक सस्तन प्राण्यांना हा जाच नाही. यूरिक ॲसिड फोडणारं युरिकेज हे एन्झाइम त्यांच्याकडे आहे. आपल्या वानर-पूर्वजांनी ते साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी गमावलं. त्याचं जनुक आपल्या पेशींत अजून आहे, पण मोडकं.

मग आजवर निभावलं कसं? सुमारे दोन तृतीयांश यूरिक ॲसिड लघवीवाटे जातं. उरलेलं आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू ते फस्त करतात. पण युरिकेजला ऑक्सिजन लागतो, आणि मोठ्या आतड्यात तो जवळजवळ नसतोच! २०२३ साली स्टॅनफर्डच्या डिलन डॉड यांच्या प्रयोगशाळेने हे कोडं उलगडलं. या जिवाणूंकडे जनुकांचा वेगळाच संच आहे. तो ऑक्सिजनविना यूरिक ॲसिड मोडतो. त्यातून झँथिन किंवा ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं निघतात, आणि ब्युटिरेट तर मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. ज्याचे स्फटिक अंगठा जाळतात, त्याचंच अन्न होतं! युरिकेज नसलेल्या उंदरांचे जिवाणू प्रतिजैविकांनी मारले, तेव्हा त्यांच्या रक्तातलं यूरिक ॲसिड भयंकर वाढलं. ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूंवर घाला घालणारी प्रतिजैविकं घेतलेल्या माणसांतही गाऊटचा धोका जास्त आढळला.

असे जिवाणू हवा लागताच मरू शकतात, त्यामुळे ते वाढवणं मोठं जिकिरीचं. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे, दिलीप रानडे आणि सहकाऱ्यांनी ती चिकाटी दाखवली. २०१२ साली त्यांनी दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन-तीन पिढ्यांचे जिवाणू तपासले. एका छताखाली राहूनही आजोबा, मुलगा आणि नातवंड यांच्या पोटातला मेळ वयागणिक निराळा होता.

आणि आपल्याकडे रिपोर्टात यूरिक ॲसिड ८ आलं की घरात पहिला हुकूम सुटतो, ‘डाळ बंद!’ अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांची १२ वर्षं पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ साली आले: मटण आणि मासळीने गाऊटचा धोका वाढला, डाळी आणि भाज्यांतल्या प्युरिनने नाही. शिवाय डाळीतला न पचणारा चोथा हे आतड्यातल्या जिवाणूंचंच जेवण. चालू गोळ्या मनाने सोडू नयेत, दह्याची वाटी हा औषधाला पर्याय नव्हे. पण ताटातलं वरण काढून टाकण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारावं.