घर सावरावें कीं हलवावें?

ता. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगराचा उतार घसरून आला आणि पाहतां पाहतां चाळीसांहून अधिक घरें मातीखालीं गडप झालीं. नेहमींच्या फेरीवर आलेल्या एस्. टी. च्या ड्रायव्हरला गांवच दिसेना. बाहेरच्या जगाला वार्ता पोंचली ती त्याच्याकडून. १५१ माणसें गेलीं.

ही दरड होती, पूर नव्हता, असें कोणी म्हणेल. तें खरें; परंतु दोहोंचा कर्ता पाणीच. मुसळधार पावसानें माती पाणी पिऊन जड झाली आणि खालच्या खडकावरची तिची पकड सुटली. असेंच डोंगरांवरचें पाणी पुढें घोड, मीना व कुकडी या नद्यांतून वाहत जुन्नर-आंबेगांवांतील नदीकांठच्या वस्त्यांच्या उंबऱ्याशीं येतें. डोंगरकुशींतील आणि नदीकांठचा, दोन्ही गृहस्थांपुढें प्रश्न एकच असतो: घर सावरून तेथेंच राहावें, कीं उठून दुसरीकडे जावें?

धरणें झालीं, आतां पुराची चिंता कशाला, हा समज सार्वत्रिक आहे. या दोन तालुक्यांत माणिकडोह, वडज, येडगांव, पिंपळगांव जोगें व डिंभें अशीं धरणें आहेत, आणि पुराचें पुष्कळ पाणी तीं पोटांत घेतात. पण पावसाळा सरत आला असतां धरण तुडुंब भरलेलें असलें, म्हणजे वरून येईल तेवढें पाणी खालीं सोडण्यावांचून गत्यंतर नसतें. शिवाय चार वर्षें पाणी आलें नाहीं कीं पात्रालगतची मोकळी जागा मनुष्याच्या डोळ्यांत भरूं लागते. धरणाच्या भरंवशावर घरें नदीकडे सरकत जातात, आणि पुढचा पूर लहान असूनहि नुकसान मात्र मोठें होतें.

महाराष्ट्रांत नदीच्या कांठानें दोन रेषा आंखण्याची पद्धत आहे. २५ वर्षांच्या पुराची ती निळी, १०० वर्षांच्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आंत घर बांधूं नये. दोन रेषांच्या मध्यें बंधनें पाळून बांधावें. नांवामुळें मात्र घोटाळा होतो. २५ वर्षांचा पूर म्हणजे एकदां येऊन गेला कीं २५ वर्षें सुट्टी, असें नव्हे. दर वर्षीं तो येण्याचा संभव पंचविसांत एक, एवढाच त्याचा अर्थ. हिशेब केला तर निळ्या रेषेवरील घरांत तीस वर्षांमध्यें एकदां तरी पाणी येण्याचा संभव शेंकडा ७१ निघतो, आणि लाल रेषेवरहि तो शेंकडा २६ असतो. शहरांत घर घेतांना भाव विचारणारे पुष्कळ. ही रेषा विचारणारा विरळा.

घर सावरण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. उंच जोतें, भिंतीचा खालचा भाग दगडी, धान्य माळ्यावर. आज त्याच तत्त्वानें विजेचें मीटर व बटणें छातीच्या उंचीवर घेतां येतात, सांडपाण्याच्या नळाला उलटें पाणी आंत येऊं न देणारी झडप बसवितां येते, दाराला फळ्या व वाळूचीं पोतीं लावतां येतात. परंतु या उपायांस मर्यादा आहे. तीन फूट पाणी भिंतीच्या दर फूट लांबीवर सुमारें २८० पौंडांचा रेटा देतें. सहा फूट पाण्याचा रेटा याच्या दुप्पट नव्हे, चौपट होतो. तो भरतो सुमारें ११२५ पौंड. म्हणून पाणी तीन फुटांपलीकडे चढूं लागलें असतां दार घट्ट बंद ठेवण्यांत शहाणपण नाहीं. माणसांनीं आधींच बाहेर पडावें व पाण्याला आंत येऊं द्यावें. दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला म्हणजे निदान भिंत उभी राहते. दरडीपुढें तर जोतेंहि चालत नाहीं आणि झडपहि चालत नाहीं. तेथें उठणें हाच उपाय.

उठणें हा शब्द मात्र या भागांत कडू आहे. ज्या गांवावरून तालुक्याला नांव मिळालें, तें आंबेगांवच डिंभें धरणाच्या पाण्याखालीं गेलें. धरणासाठीं उठणें हें कोणाच्या राजीखुषीचें नसतें. तेव्हां धोक्याची जागा सोडा, असें कोणी सांगूं लागतांच ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली तर त्यांत त्याचें काय चुकलें?

म्हणूनच खरेदीचा मार्ग विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेंत मिसिसिपी नदीकांठीं व्हॅल्मेयर नांवाचें सुमारें ९०० वस्तीचें गांव १९९३ च्या पुरांत बुडालें. जे राजी होते त्यांचीं घरें सरकारी पैशानें विकत घेतलीं गेलीं आणि गांव दोन मैलांवरच्या उंच कड्यावर नव्यानें वसलें. अशा खरेदींत दोन अटी असतात: विकणारा स्वखुषीनें विकतो, आणि घेतलेली जमीन पुढें कायमची मोकळी राहते. दुसरी अट विशेष महत्त्वाची. नाहीं तर एक उठला कीं दुसरा येऊन बसतो.

नुसती जागा देऊन भागत नाहीं, याचें उदाहरण कोल्हापूरजवळ आहे. पंचगंगेकांठच्या चिखली व आंबेवाडी या गांवांतील लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळी येथें भूखंड दिले गेले. तरी पुष्कळ कुटुंबें जुन्या गांवींच राहिलीं, आणि २०१९ च्या महापुरांत त्यांना नावांतून काढावें लागलें. शेत एकीकडे, गोठा तेथेंच, आणि नवें घर मैलांवर. अशा वेळीं शेतकरी गुरांजवळ राहणार हें उघड आहे.

माळीणच्या लोकांसाठीं आमडे येथें ६७ घरांचें नवें गांव उभारून ता. २ एप्रिल २०१७ रोजीं तें त्यांच्या स्वाधीन करण्यांत आलें. तोंपर्यंत बत्तीस महिने उलटले होते व बऱ्याच कुटुंबांनीं ते पत्र्याच्या निवाऱ्यांत काढले होते. नव्या गांवांत घरांबरोबर शाळा, आरोग्यकेंद्र, ग्रामपंचायत व गुरांचे गोठेहि आले. गोठ्यांची आठवण ठेवणारा मनुष्य शेतकऱ्यांना ओळखणारा असला पाहिजे. परंतु जागा उताराची. ती कापून व भराव घालून सपाट केलेली. त्याच वर्षीं जूनच्या पहिल्या मोठ्या पावसांत भराव बसला, रस्ते खचले, कांहीं ठिकाणीं तडे गेले, आणि एकदां सर्वस्व गमावलेलीं माणसें पुन्हां घाबरीं झालीं. भरावाला एक-दोन पावसाळे बसूं द्यावें लागतें आणि पाण्याची वाट घरांच्या आधीं काढावी लागते. अशी घाई टाळावयाची तर जागा संकटापूर्वींच पाहून ठेवावयास हवी.

ती पाहण्यास सरकारी इमारतींपासून आरंभ करणें सोपें. शाळा, दवाखाना व तलाठ्याचें दप्तर उंच जागीं नेण्यास कोणाच्या घरची संमति लागत नाहीं. पुराच्या रात्रीं गांव आसऱ्यास धांवतें तें बहुधा शाळेंतच. ती स्वतः पाण्यांत असेल तर आसरा कसला? शिवाय शाळा जेथें जाते तेथें पायवाट पडते, मग दुकान येतें आणि नवीन लग्न झालेलीं मुलें घर बांधावयास तिकडची जागा पाहूं लागतात. गांव कोणी न उठवितां हलूं लागतें. नदीकांठच्या एखाद्या शाळेचें जोतें लाल रेषेच्या वर आहे कीं खालीं, हें मोजून सांगण्यास सर्व्हेअरला एक दिवस पुरतो.