केळीचा पर्णगुच्छ आणि प्रकाशतंतूची कसोटी

केळीवरील पर्णगुच्छ रोग विषाणूमुळे होतो व मावा किडीने आणि रोगट मुनव्यांनी पसरतो. रोगट झाड बरे होत नाही. ते कंदासह नष्ट करावे लागते. लक्षणे दिसण्यापूर्वीही मुनव्यात विषाणू असू शकतो, म्हणून बेण्याची परीक्षा महत्त्वाची होय.

या विषाणूचे जनुकद्रव्य म्हणजे डीएनएचे एकेरी धागे. त्यांना नेमका जुळणारा जोडधागा केसासारख्या बारीक काचतंतूवर बसविता येतो. पानाच्या अर्कात विषाणू असल्यास त्याचा धागा जोडधाग्यास चिकटतो, तंतूतील प्रकाशात बदल होतो व यंत्र तो टिपते.

ही कसोटी अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. तोवर शेतकऱ्यांनी तपासलेली, प्रमाणित ऊतिसंवर्धित रोपेच लावावीत. रोगट बागेतील मुनवे मुळीच आणू नयेत.