ओढ्यातले तांबडे शेवाळ

विहिरीच्या पायरीवर पाय घसरला की आपण शेवाळाला नावे ठेवतो. ते शेवाळ हिरवे असते. पण शेवाळात तांबड्या जातीही आहेत बरं का! आज आपण त्यांची माहिती घेऊ.

शेवाळाला मूळ नाही, फूल नाही. तरी झाडाप्रमाणे ते उन्हाच्या बळावर आपले अन्न आपणच तयार करते. तांबड्या शेवाळात हिरव्या रंगाबरोबर तांबडा रंगही असतो. तो कशासाठी? उन्हातले तांबडे किरण पाण्यात फार खोल जात नाहीत. निळे-हिरवे किरण खोल जातात. ते धरायला तांबडा रंग कामी येतो.

या शेवाळाच्या बहुतेक जाती समुद्रात सापडतात. कोकणात रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर त्या दिसतात. गोड्या पाण्यात राहणाऱ्या जाती थोड्याच. पण त्यांतली एक आपल्या सातारा जिल्ह्यातली आहे. बालकृष्णन आणि चौगुले या शास्त्रज्ञांनी 1980 साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला महाबळेश्वरचेच नाव दिले.

ती ज्या कुळातली आहे, त्या कुळाचे शास्त्रीय नाव 'बॅट्राकोस्पर्मम'. म्हणजे बेडकाचे बी! ते शेवाळ दिसतेही तसेच. हाताला बुळबुळीत लागते. मधे एक बारीक धागा असतो. त्यावर थोड्या थोड्या अंतराने आखूड फांद्यांचे झुबके असतात. जणू दोऱ्यात ओवलेले मणीच. नाव तांबडे, पण रंग पुष्कळदा हिरवट, निळसर नाहीतर तपकिरी. कारण त्याच्यात निळा रंगही असतो.

याचे बाळपण तर वेगळेच. तेव्हा ते अगदी लहान, साध्या तंतूंचे असते. दगडावर बारीक लव दिसते, एवढेच. पूर्वी शास्त्रज्ञांना ही लव म्हणजे निराळीच जात वाटे. मोठे शेवाळ हंगामापुरते येते आणि जाते. लव मात्र दगडाला धरून राहते. हंगाम आला की तिच्यातूनच मोठे शेवाळ पुन्हा फुटते.

या शेवाळाला पोहता येत नाही. त्याचे बीजकण पाणी नेईल तिकडे जातात. त्याला बहुधा थंड, स्वच्छ, वाहते पाणी आणि झाडांची सावली लागते. आमच्या औंधात यमाईच्या डोंगरावरून उन्हाळ्यात खाली पाहा. ओढे कोरडे पडलेले दिसतात. तिथे ते कुठून टिकणार?

मग आम्हा औंधकरांना त्याचे काय? ऐका. महाबळेश्वरलाच कृष्णामाई उगम पावते. तेच पाणी पुढे वाई, कऱ्हाड, सांगलीकडे जाते. वर ओढ्याकाठची झाडे तोडली, पाण्यात साबण, सांडपाणी, फवारणीचे औषध सोडले, तर हे नाजूक शेवाळ आधी मरते. आणि ती घाण खालच्या गावांना प्यावी लागते.

म्हणून ओढा आपल्या गावचा असो की दुसऱ्याच्या, आपण एवढे करू. काठची झाडे राखू. फवारणीचा पंप ओढ्यात धुणार नाही. आणि एक ध्यानात ठेवू. पाणी नितळ दिसले, त्यात शेवाळ वाढले, म्हणून ते पिण्याजोगे झाले असे नव्हे. ओढ्याचे पाणी उकळूनच प्यावे.