रेघेतून काय वाहतं? वर्कफ्लोबद्दलचे काही गैरसमज

दिवाळी अंकाची मागणी नोंदवणारा फॉर्म, ऑनलाइन पैसे भरण्याची सोय, गूगल शीटमधली यादी आणि वाचकाला जाणारा पोचेचा मेल. एका छोट्या प्रकाशनासाठी या चार गोष्टी मी एन-एट-एन या वर्कफ्लो, म्हणजे आपोआप चालणारी कामांची साखळी, बांधण्याच्या साधनाच्या पडद्यावर जोडत होतो. वितरण सांभाळणाऱ्या ताई शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, "हे तर ठिपक्यांच्या रांगोळीसारखं आहे हो. जोडत जायचं." उपमा मला मनापासून आवडली. फरक एकच: रांगोळीच्या रेघेतून काही वाहत नाही, इथे वाहतं. वाचकाचं नाव, पत्ता, फोन, भरलेले पैसे, सगळं त्या रेघेतून पुढे जातं. या साधनांबद्दलचे बहुतेक गैरसमज रेघ दिसते आणि तिच्यातून वाहणारं दिसत नाही म्हणून होतात.

सर्वांत जास्त ऐकू येणारा समज म्हणजे "यात कोड नाही, म्हणजे प्रोग्रामिंग नाही." कोड कमी लागतो हे खरं. पण पडद्यावर मांडलेलं ते चित्र हाच प्रोग्राम असतो. जर-तर आहे, फेरे आहेत, चुका आहेत. फक्त लिहिण्याऐवजी मांडायचं.

याचा प्रत्यय आम्हाला पहिल्याच आठवड्यात आला. एन-एट-एनमध्ये एका चौकोनातून, म्हणजे नोडमधून, पुढच्या नोडकडे नोंदींची यादी जाते आणि पुढचा नोड साधारणपणे प्रत्येक नोंदीसाठी एकदा काम करतो. शीटमधून २१२ ओळी निघाल्या की मेलचा नोड २१२ मेल पाठवतो. वाचकांना पोच द्यायची तर हेच हवं. पण "आज किती मागण्या आल्या ते संपादकांना कळव" म्हणून मी त्याच रेघेच्या टोकाला मेलचा आणखी एक चौकोन लावला, आणि संपादकांना एका मेलऐवजी २१२ मेल गेले. मधे ॲग्रिगेट नावाचा नोड घातला, सगळ्या नोंदींची एक मोट बांधली, तेव्हा एकच मेल जायला लागला. चित्रात फरक एका चौकोनाचा.

"हे सगळं एआयच्या लाटेबरोबर आलेलं नवं प्रकरण आहे" असंही म्हटलं जातं. तसं नाही. चौकोनांमधून माहिती वाहू द्यायची ही कल्पना आयबीएम कॅनडामधल्या जे. पॉल मॉरिसन यांनी १९७० च्या सुमारास मांडली. प्रयोगशाळांमधल्या उपकरणांसाठीचं लॅबव्ह्यू १९८६ सालचं. याहू पाइप्स २००७ मध्ये आलं, आयबीएममध्ये जन्मलेलं नोड-रेड २०१३ मध्ये, बर्लिनचं एन-एट-एन २०१९ मध्ये. यातली याहू पाइप्सची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती सेवा २०१५ मध्ये बंद झाली आणि लोकांनी तिच्यावर बांधलेले प्रवाह तिच्याबरोबर थांबले. म्हणून वर्कफ्लो फाइल म्हणून उतरवून ठेवण्याची सोय आहे का, हा प्रश्न मी कोणतंही साधन निवडताना आधी विचारतो.

"टेस्टमध्ये चाललं, म्हणजे चाललं." या वाक्याने अनेकांचा घात केला आहे. एन-एट-एनचा वेबहुक नोड, म्हणजे बाहेरून आलेला निरोप स्वीकारणारा चौकोन, दोन पत्ते देतो. एक चाचणीचा, एक प्रत्यक्ष वापराचा. चाचणीचा पत्ता बटण दाबल्यावर १२० सेकंदच ऐकत असतो. दुसरा पत्ता वर्कफ्लो चालू करून ठेवल्याशिवाय काम करत नाही. फॉर्ममध्ये चाचणीचा पत्ता तसाच राहिला, तर आपण बघत असताना सगळं सुरळीत आणि आपण उठल्यावर सगळं बंद. आणि नोडवर उमटणारी हिरवी खूण? ती एवढंच सांगते की नोड न अडखळता चालला. त्याने बरोबर काम केलं की नाही, हे ती सांगत नाही.

आता पैशांकडे येतो, कारण इथली चूक वाचकाच्या खिशापर्यंत पोचते. समज असा की एकाने पैसे भरले की एक निरोप येणार. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवा, तशी हमी देत नाहीत. निरोप पाठवल्यावर ठरलेल्या वेळात आपल्याकडून होकार गेला नाही, तर तो पोचला नाही असं धरून ते पुन्हा पाठवतात. त्यांच्या बाजूने ते योग्यच आहे. निरोप हरवण्यापेक्षा दोनदा आलेला बरा. पण आमच्या वर्कफ्लोत आधी शीटमध्ये ओळ, मग मेल, मग पत्त्याचं लेबल आणि सर्वांत शेवटी होकार, असा क्रम होता. संध्याकाळी शीट मंदावली, होकाराला उशीर झाला आणि एकाच वाचकाच्या नावाची दोन लेबलं निघाली. ताईंनी गठ्ठा बांधताना ते पाहिलं म्हणून दुसरा अंक टपालात पडला नाही.

उपाय दोन. होकार आधी द्यायचा, कामं मागाहून करायची. आणि प्रत्येक निरोपाबरोबर येणारा त्याचा स्वतःचा क्रमांक नोंदवून ठेवायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर तिथेच थांबायचं. शिवाय वेबहुकचा पत्ता ज्याला कळेल तो त्यावर काहीही पाठवू शकतो, म्हणून निरोपासोबतची सही तपासणं आलंच. आणखी एक बारकावा: रेझरपेसारख्या गेटवेकडून रक्कम रुपयांत येत नाही, पैशांत येते. ४०० रुपयांच्या अंकासाठी आकडा येतो ४००००. शंभराने भागायला विसरलं, तर पोचपावतीवर चाळीस हजार छापून जातात.

"सकाळी सात म्हणजे सकाळी सात" हाही समजच. एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं आणि वेळेची सेटिंग्ज तशीच ठेवली, तर त्याचं घड्याळ न्यूयॉर्कचं असतं. तिथले सकाळचे सात म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेचार. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, की तोच वर्कफ्लो साडेपाचला चालतो. ऐन दिवाळीच्या सुमारास वेळ तासाभराने का सरकली, हे शोधण्यात दिवस जातो. सर्व्हरवर किंवा त्या वर्कफ्लोच्या सेटिंगमध्ये आशिया-कोलकाता निवडलं की प्रश्न मिटतो.

मराठी मजकुराबद्दल दोन टोकांचे समज आहेत. कुणी म्हणतं मराठी चालतच नाही, कुणी म्हणतं आता युनिकोड आहे, काळजी नको. मराठी व्यवस्थित चालते. पण फॉर्ममध्ये एखादे आजोबा सदाशिव पेठेचा पिनकोड देवनागरी अंकांत लिहितात, ४११०३०. आपल्याला तो बरोबरच दिसतो. मात्र "सहा अंक आहेत का" हे तपासणाऱ्या नेहमीच्या सूत्राला फक्त इंग्रजी आकडे हे अंक वाटतात, आणि ते आजोबांची मागणी बाजूला टाकतं. चूक दिसत नाही, लाल खूण येत नाही, दिवाळी अंक मात्र जात नाही. ही मला या कामातली सर्वांत वाईट चूक वाटते, कारण आपल्या लिपीत पत्ता लिहिल्याची शिक्षा वाचकाला होते. तपासणीच्या आधी देवनागरी अंक इंग्रजीत बदलून घेणारी एक पायरी पुरते. जुन्या याद्यांचं दुखणं याहून मोठं आहे. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले पत्ते युनिकोड नसतात. तो फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उरतो. ते आधी रूपांतरित करून, डोळ्यांनी वाचून, मगच वर्कफ्लोत सोडावेत.

"वर्कफ्लोची फाइल कुणालाही द्या, पासवर्ड त्यात नसतात." अर्धं खरं. एन-एट-एनमध्ये क्रेडेन्शियल म्हणून साठवलेले पासवर्ड कुलूपबंद असतात आणि उतरवलेल्या फाइलमध्ये येत नाहीत. पण घाईत एखाद्या सेवेची गुप्त किल्ली थेट नोडच्या रकान्यात चिकटवली असेल, तर ती फाइलबरोबर जाते. आणि क्रेडेन्शियलच्या कुलपाची किल्ली सर्व्हर बदलताना हरवली, तर साठवलेले पासवर्ड पुन्हा उघडत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. वाचकांचे पत्ते आणि फोन झालेल्या कामाच्या नोंदींमध्येही काही दिवस राहतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी छोट्या प्रकाशनालाही झटकता येणार नाही.

"फुकट आहे" याबद्दल थोडक्यात: स्वतःच्या संस्थेच्या कामासाठी एन-एट-एनची मूळ आवृत्ती आपल्या सर्व्हरवर विनामूल्य वापरता येते. पण २०२२ पासूनच्या तिच्या परवान्यानुसार तीच सेवा म्हणून दुसऱ्यांना विकता येत नाही. सर्व्हरचं भाडं आणि सांभाळणाऱ्याचा वेळ हा खर्च तर आहेच.

राहिला शेवटचा समज: काही बिघडलं तर आपोआप कळेल. कळत नाही. चूक झाल्यावर कळवणारा एरर वर्कफ्लो वेगळा बांधावा लागतो आणि प्रत्येक वर्कफ्लोच्या सेटिंगमध्ये जाऊन तो नेमावा लागतो. हाताने चालवून पाहताना तो जागा होत नाही. आपोआप चाललेला वर्कफ्लो पडला तरच होतो. तुमच्या संस्थेत असं एखादं चित्र आज चालू असेल, तर एवढं जरूर करा. ते उघडा, एरर वर्कफ्लो नेमलेला आहे का पाहा, आणि त्याचा मेल कोणत्या पत्त्यावर जातो ते वाचा. तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असेल, तर आजच बदला.