आंबा इथेच खाल्ला तरी एक्स्पोर्ट!

आधीच सांगते, मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होते, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. (संपादकांनी तपासलंय म्हणे, पण तेही मेकॅनिकलचेच!)

लेखाचं निमित्त माझी रूममेट. ती दापोलीकडची. घरी नारळी-पोफळीची वाडी आणि पर्यटकांसाठी चार खोल्या. गेल्या सेमला इकॉनॉमिक्सच्या पेपरसाठी मी 'पर्यटन ही अदृश्य निर्यात आहे' हे वाक्य पाठ केलं, लिहिलं, मार्कही मिळाले. कळलं मात्र काही नव्हतं. ते हिने समजावलं. "हापूसची पेटी दुबईला पाठवली की एक्स्पोर्ट ना? मग दुबईचा माणूस आमच्या ओसरीवर बसून तोच आंबा खाऊन गेला तरी एक्स्पोर्टच. वर जाण्यायेण्याचा खर्च त्याचा!" पुण्याचा पाहुणा आला तर देशाला डॉलर मिळत नाहीत, पण जिल्ह्यापुरता हिशोब तोच. बाहेरचा पैसा आत आला.

आला खरा, पण राहतो किती? समजा, माशाचं ताट ३०० रुपयांचं. गॅस, तेल, गहू, पाण्याच्या बाटल्या, हे सगळं बाहेरचं. तो पैसा आल्या ट्रकने घाटावर परत जातो. सुरमई मात्र हर्णैची, सोलकढीचा नारळ वाडीतला, भाकऱ्या भाजणाऱ्या मावशी शेजारच्या. मावशींचा पैसा गावातल्या वाण्याकडे, वाण्याचा रिक्षावाल्याकडे, असा फिरत राहतो. पुस्तकात पहिल्या प्रकाराला गळती म्हणतात आणि दुसऱ्याला गुणक. म्हणून नुसतं 'इतके लाख पर्यटक आले' असं वाचलं की मला आता पटकन आनंद होत नाही.

उलटा परिणामही असतोच. २०१४ च्या अखेरीस रशियाचा रुबल कोसळला आणि गोव्याला येणारी रशियन चार्टर विमानं कमी झाली. गोव्याचा समुद्र होता तसाच होता, पण रशियन माणसाच्या खिशातल्या नोटेची किंमत उतरली होती.

श्रीलंकेची गोष्ट तर आणखी वाईट. २०१८ मध्ये तिथे २३ लाखांवर परदेशी पर्यटक गेले. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरला बॉम्बस्फोट झाले, २०२० मध्ये करोना आला, आणि पर्यटनाचे डॉलर आटले. कर्ज आणि सरकारचे चुकलेले निर्णय होतेच. मार्च २०२२ मध्ये कागद आयात करायला डॉलर नाहीत म्हणून तिथल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या (हसू नका, आपल्याकडे असं होणार नाही!) आणि एप्रिलमध्ये परदेशी कर्जाची फेडच थांबवली.

भारतात २०१९ मध्ये १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते, २०२० मध्ये जेमतेम २७ लाख. आपला देश मोठा, दुसरे धंदे होते, निभावलं. रूममेटच्या घरी त्या वर्षीचा मे सीझन पूर्ण बुडाला. निदान वाडी आहे म्हणेपर्यंत ३ जूनला निसर्ग वादळ आलं. पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली. दोन वेगवेगळी उत्पन्नं एका उन्हाळ्यात गेली. नव्या पोफळीला फळ धरायला पाचेक वर्षं तरी लागतात. त्यामुळे पर्यटक परत यायला लागल्यावर घर चाललं ते खोल्यांवर. हिची फीसुद्धा त्यातूनच भरली.

आता बाबांना कर्ज काढून, वाडीचा एक तुकडा तोडून आणखी सहा खोल्या बांधायच्या आहेत. काकू नको म्हणतात. खोल्या वाढल्या की नारळही विकत आणावे लागतील, हा त्यांचा मुद्दा. बाबा म्हणतात, फी काय नारळांनी भरली का? दोघांचंही खरं आहे. दर रविवारी रात्री फोनवर हेच चालतं आणि नंतर आमच्या खोलीत कोणी फारसं बोलत नाही.

गेल्या रविवारी काकूंनी फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. "तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय गो?" मी म्हटलं, काकू, मे महिन्यात येते, हिशोबाच्या वह्या बघते, मग सांगते. तर मेमध्ये माझं राहणं-जेवण फुकट आहे, पण वह्या २०१२ पासूनच्या आहेत म्हणे!